बालरोगतज्ज्ञांच्या शाखेची रौप्यमहोत्सवी परिषद: तारखेपासून हिशेबापर्यंत

शाखेला पंचवीस वर्षं होत आली की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं? सगळं बिनसायला तिथूनच सुरुवात होते. रजिस्ट्रेशनच्या टेबलापासून ऑर्गनायझिंग सेक्रेटरीच्या खुर्चीपर्यंत परिषदेची सगळी कामं मी केली आहेत आणि त्याच चुका नव्याने होताना पाहिल्या आहेत. हॉल आधी ठरतो, तारीख त्याच्या सोयीने. पैसे आधी येतात, कायदा मागाहून वाचला जातो. सत्कार लांबतात आणि सकाळच्या प्रत्येक वक्त्याला सांगितलं जातं, "सर, दहा मिनिटं कमी करा."

म्हणून इथे कामांचा क्रम सांगते. डोळ्यांपुढे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची, म्हणजे आपल्या आयएपीची, एखादी जिल्हा शाखा आहे: दीडशे ते तीनशे डेलिगेट, एक दिवस वर्कशॉप आणि दीड दिवस परिषद. सुवर्णमहोत्सव असेल तरी क्रम हाच.

१. आधी वर्ष पक्कं करा, मग तारीख (दहा ते बारा महिने आधी)

शाखेचं नोंदणी प्रमाणपत्र कपाटातून बाहेर काढा. पहिली अनौपचारिक बैठक, आयएपीची मान्यता आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ही तीन वेगवेगळ्या वर्षांत झालेली असू शकतात. कोणतं वर्ष धरायचं याचा ठराव कार्यकारिणीत करून इतिवृत्तात लिहा. शाखा २००२ मध्ये सुरू झाली असेल, तर पंचविसावं वर्ष २०२६ मध्ये लागतं आणि पंचवीस वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतात. पत्रिकेवर "रौप्यमहोत्सवी वर्ष" लिहायचं की "पंचवीस वर्षपूर्ती", हेही आत्ताच ठरवा. पत्रिका छापून झाल्यावर एखाद्या ज्येष्ठ सरांनी चूक दाखवली, तर मनं दुखावतात आणि छपाईही वाया जाते.

आता तारीख. आपल्या शाखेचं कॅलेंडर इतरांसारखं नसतं. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू आणि तापाच्या साथींनी वॉर्ड भरलेले असतात, त्यामुळे नाव नोंदवलेले डॉक्टरही आयत्या वेळी येत नाहीत. जानेवारीत बहुधा आयएपीची राष्ट्रीय परिषद, पेडिकॉन, असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, आणि डेलिगेटांची स्वतःची मुलं त्याच वयाची. १५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह असल्याने सरकारी रुग्णालयांतले सहकारी त्यांच्या कार्यक्रमांत अडकलेले असतात. राज्य शाखेच्या परिषदेची आणि पीजींच्या, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या, परीक्षांची तारीख फोन करून विचारा. पल्स पोलिओचा रविवार जाहीर झाला असेल तर तो सोडाच.

एवढं सगळं वगळल्यावर बहुतेक ठिकाणी डिसेंबरचा पूर्वार्ध उरतो. पण तेव्हा लग्नसराई असते, आणि तिचा त्रास पुढे सहाव्या टप्प्यात दिसेल.

> तपासणी: निवडलेल्या तारखेच्या दिवशी पंचांगात लग्नाचा मुहूर्त आहे का? असेल तर हॉल आणि हॉटेलच्या खोल्यांचे दर लेखी येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.

२. परिषदेच्या दिवशी गावात कोण, ते ठरवा

हा टप्पा मी मुद्दाम इतका वर घेतला आहे. जवळजवळ सगळ्याच शाखा तो विसरतात.

जिल्ह्यात चाळीस बालरोगतज्ज्ञ असतील आणि पस्तीस हॉलमध्ये बसले असतील, तर त्या शनिवारी सिझेरियनच्या टेबलाशी बाळ घ्यायला कोण उभं राहणार? झटके येणाऱ्या मुलाला घेऊन तालुक्याहून निघालेली रिक्षा कोणाच्या दारात थांबणार? परिषद मुलांच्या आरोग्यासाठी आहे. तिच्यामुळे एकाही बाळाला उशीर होता कामा नये.

तारीख ठरताच ड्यूटी रोस्टर करा. शहराचे दोन-तीन विभाग पाडा. प्रत्येक विभागात अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या पाळीने दोन डॉक्टर ठेवा, एक ओपीडी आणि इमर्जन्सीसाठी, दुसरा प्रसूतीच्या कॉलसाठी. पाळी अर्ध्या दिवसाची असली की प्रत्येकाला परिषदेचा निम्मा भाग तरी मिळतो. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या रुग्णालयांनी आपापली व्यवस्था लेखी कळवावी. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) डॉक्टरांना सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी रजा मागायला लावू नका.

महिनाभर आधी हा रोस्टर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेला द्या आणि ठरवून करायची सिझेरियन शक्यतो त्या दोन दिवसांत ठेवू नयेत, अशी विनंती करा. दवाखान्याच्या दारावर मराठीत पाटी लावा: डॉक्टर कोणत्या तारखांना नाहीत, त्या दिवसांत कोणाकडे जायचं, तो दवाखाना कुठे आहे आणि फोन नंबर काय. "दवाखाना बंद राहील" एवढीच पाटी वाचून रात्री दहाला तापलेलं बाळ कडेवर घेतलेली आई कुठे जाणार?

जे ड्यूटीवर राहतील त्यांची फी कमी करा, व्याख्यानांचं रेकॉर्डिंग त्यांना आधी पाठवा आणि समारोपात त्यांची नावं आवर्जून घ्या.

३. बजेट माणशी मांडा

समित्या पाचच पुरेत: शास्त्रीय, आर्थिक, रजिस्ट्रेशन, हॉल-भोजन आणि महोत्सव-स्मरणिका. महोत्सव समिती वेगळीच ठेवा. सत्काराची यादी आणि व्याख्यानांची यादी एकाच हातात असली, तर दर वेळी व्याख्यानांवरच कात्री चालते.

बजेटमध्ये ठरीव खर्च आणि माणशी खर्च हे दोन रकाने वेगळे करा. एक उदाहरण घेऊ. हॉल, ध्वनी-पडदा, वक्त्यांचा प्रवास-निवास आणि छपाई मिळून ठरीव खर्च ६ लाख रुपये. जेवण, चहा आणि किट माणशी २,५०० रुपये. २०० जण आले तर दोन्ही मिळून एकेका माणसामागे ५,५०० रुपये पडतात. १४० जणच आले तर तोच आकडा सुमारे ६,७८५ रुपयांवर जातो. फी ठरवताना अपेक्षेच्या सत्तर टक्केच लोक येतील असं धरा. स्पॉन्सरशिपचा आकडा हातात पडेपर्यंत जमेच्या बाजूला लिहू नका.

परिषदेचं खातं वेगळं असावं आणि त्यावर दोन सह्या लागाव्यात. पहिली पावती फाडण्याआधी सीएला बसवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी नोंदणी, वक्त्यांच्या मानधनावरचा टीडीएस आणि स्टॉलच्या भाड्याची बिलं, हे सगळं आधी ठरलं की मार्चमध्ये धावपळ होत नाही.

४. पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत

बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेला एक बंधन असं आहे की ते इतर डॉक्टरांच्या परिषदांना फारसं जाणवत नाही. १९९२ चा शिशू दुग्धपर्यायी पदार्थ, दूधबाटल्या आणि शिशू आहार यांविषयीचा कायदा (आपण सगळे त्याला आयएमएस कायदा म्हणतो) २००३ मध्ये आणखी कडक झाला. कलम ९ प्रमाणे या वस्तू बनवणाऱ्या, पुरवणाऱ्या किंवा विकणाऱ्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेला परिषद, चर्चासत्र, स्पर्धा, फेलोशिप किंवा संशोधनासाठी पैसे देणं चालत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे पदार्थ यात येतात आणि त्यांच्या जाहिरातीही बंद आहेत. म्हणजे स्टॉल नाही, बॅगवर नाव नाही, "फक्त शनिवारचा चहा आमच्याकडून" हेही नाही.

इथे चुका अशा होतात. एका समूहाची औषध कंपनी वेगळी आणि बाळांच्या आहाराची कंपनी वेगळी असते. चेक एकीच्या नावाने येतो, बॅनर दुसरीचा लागतो. किंवा स्मरणिकेच्या मागच्या पानाची जाहिरात शेवटच्या रात्री येते आणि कोणी न पाहताच छापायला जाते.

औषध कंपन्यांसाठी २०२४ पासून विपणनाची एकसमान संहिता, यूसीपीएमपी, लागू आहे. कंपन्यांनी डॉक्टरांना वा त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत आणि वक्ता नसलेल्या डॉक्टरांच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च करायचा नाही. तेव्हा "अमुक कंपनी वीस डेलिगेटांची हॉटेलं बघतेय" असं कोणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. कंपनीशी करार शाखेने करावा, काय देणार आणि बदल्यात काय मिळणार ते लिहून, बँकेतून.

> सावधान: व्याख्यानाचा विषय आणि वक्ता स्पॉन्सर सुचवणार, ही अट असेल तर ते पैसे सोडा.

> तपासणी: प्रत्येक स्पॉन्सरची उत्पादनांची यादी मागवा. एका सभासदाने आयएमएस कायदा समोर ठेवून ती वाचावी आणि त्यावर सही करावी.

५. शास्त्रीय कार्यक्रम: वेळ आधी, नावं नंतर

पहिल्या बैठकीत वक्त्यांची नावं घेऊ नका. आधी सभासदांना एकच प्रश्न पाठवा: गेल्या वर्षभरात कोणत्या रुग्णाच्या वेळी तुम्ही अडलात? ही उत्तरं आली की विषय आपोआप दिसतात. डेंग्यूतलं सलाइन कधी वाढवायचं आणि, त्याहून अवघड, कधी कमी करायचं. स्क्रब टायफस हा किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल. मोबाइलसमोर जेवणारं आणि न बोलणारं दोन वर्षांचं मूल.

महोत्सवी परिषदेत एक सत्र आपल्या मातीचं ठेवा. विंचूदंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध चालतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडलं, ते कोकणातल्या रुग्णांवरून. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा घरोघरच्या नवजात काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. तुमच्या जिल्ह्यात कोणाच्या वहीत पंधरा वर्षांच्या सर्पदंशांच्या नोंदी असतील. त्या वहीला पंचवीस मिनिटं द्या.

वेळेचं गणित असं करा: व्याख्यान २० मिनिटांचं, त्यात बोलणं १५ आणि प्रश्न ५. चेअरपर्सन दोनच. त्यांनी वक्त्याची ओळख दोन वाक्यांत करून द्यायची, आणि ती वाक्यं तुम्ही लिहून द्यायची. पॅनलमध्ये चारपेक्षा जास्त जण नकोत. मॉडरेटरने केस आठवडाभर आधी पॅनलला पाठवाव्यात. जेवणानंतरच्या सत्रात व्याख्यान ठेवू नका, केस ठेवा. पीजींचे पेपर समांतर हॉलमध्ये ढकलू नका, कारण तिथे परीक्षक आणि त्या मुलांचे मित्र सोडून कोणी जात नाही. उत्तम चार पेपर मुख्य हॉलमध्ये घ्या.

स्लाइड दहा दिवस आधी मागवा आणि दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा.

पहिली, डोस. लोक स्लाइडचा फोटो काढतात आणि सोमवारी तोच डोस लिहितात. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, हे सगळ्यांना पाठ असतं. पण थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. स्लाइडवर नुसतं "२ मिली" लिहिलं असेल तर वक्त्याला फोन करून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या.

दुसरी, मुलांचे फोटो आणि व्हिडिओ. डोळ्यांवर काळी पट्टी लावली तरी मूल गावातल्या लोकांना ओळखू येतं. पालकांची त्यांना कळणाऱ्या भाषेतली लेखी संमती हवी, आणि ती परिषदेत दाखवण्यासाठी घेतलेली हवी. उपचारांच्या संमतीपत्रावरची सही इथे चालणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये चेहरा, गाव, शाळा, काहीच दाखवायचं नाही.

*क्रेडिट पॉइंट.* महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करताना अशा शैक्षणिक कार्यक्रमांच्या हजेरीचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून डेलिगेट आधी हेच विचारतात. अर्ज करताना वक्ते, विषय आणि वेळा पक्क्या लागतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर मुदत पाहून त्याआधी निदान पंधरा दिवस कार्यक्रम गोठवा. मंजुरी येण्याआधी पत्रिकेवर पॉइंटचा आकडा छापू नका. सांगली-कोल्हापूरकडे कर्नाटकातले आणि सिंधुदुर्गात गोव्याचे डॉक्टर येतात. त्यांची नोंदणी त्यांच्या राज्याच्या कौन्सिलची असते, म्हणून फॉर्मवर कौन्सिलचं नाव आणि नोंदणी क्रमांक असे दोन रकाने ठेवा.

६. हॉल पाहायला जाताना

आमच्या एका परिषदेत डांग्या खोकल्यावरचं व्याख्यान होतं. मॅडमनी एका तान्ह्या बाळाच्या खोकल्याचं रेकॉर्डिंग आणलं होतं: खोकल्याची ती लांब उबळ, मग श्वास ओढतानाचा आवाज, आणि त्यानंतर काही सेकंद काहीच नाही. बाळाचा श्वास थांबलेला असतो, तो क्षण ओळखायला शिका, हेच त्यांना सांगायचं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि बाजूच्या लॉनवर हळदीचा डीजे सुरू झाला. मॅडमनी तीनदा रेकॉर्डिंग लावलं, पण ती शांतता कोणालाच ऐकू आली नाही. त्या हॉलची निवड मीच केली होती, मंगळवारी दुपारी जाऊन, लॉन रिकामं असताना.

तेव्हापासून मी हॉल शनिवारी संध्याकाळी पाहते. बाजूच्या लॉनची त्या तारखेची बुकिंग विचारते आणि सत्रांच्या वेळेत तिथे ध्वनिक्षेपक लागणार नाही हे करारात लिहून घेते. जमत नसेल तर मेडिकल कॉलेजचं सभागृह बरं. झुंबरं नसतात, पण ऐकू येतं.

बाकीचं पटकन सांगते. पडदा शेवटच्या रांगेतून वाचता येतो का, ते स्वतः बसून पाहा. जनरेटर आपोआप सुरू होतो की कोणी खाली जाऊन चालू करतं, ते विचारा. मंचाला रॅम्प किंवा कठड्याच्या पायऱ्या हव्यात, कारण सत्कारमूर्ती पंचाहत्तरीच्या पुढचे असतील. जेवणाला किमान चार काउंटर दोन्ही बाजूंनी खुले ठेवा, नाहीतर तासाभरात अडीचशे जण जेवून होत नाहीत. रात्रीचा कार्यक्रम उघड्यावर असेल तर दहाला ध्वनिक्षेपक बंद.

आणि एक हिरकणी कक्ष. एसटी स्टँडवर जो असतो, तो बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत नसावा? स्तनपानावर व्याख्यान चालू असताना आमची एक तरुण सभासद गाडीत बसून बाळाला पाजत होती. एक खोली, दाराला आतून कडी, दोन आरामखुर्च्या, पाणी, आणि हॉलमधला आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर. खर्च फारसा येत नाही.

७. वर्कशॉप

नवजात पुनरुज्जीवनाचं, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं, वर्कशॉप आदल्या दिवशी ठेवा आणि त्यात प्रसूतिगृहातल्या नर्सना फी न घेता बोलवा. पहिल्या मिनिटात बाळाच्या तोंडावर मास्क धरणारे हात बहुतेक वेळा त्यांचेच असतात. एका टेबलाशी एक प्रशिक्षक, एक मॅनिकिन (सरावाची बाहुली) आणि सहाच जण. त्याहून जास्त झाले की मागचे नुसते बघतात.

मॅनिकिन आल्याच्या दिवशीच उघडा. छाती फुगते का? श्वास देण्याच्या सेल्फ इन्फ्लेटिंग बॅगचा व्हॉल्व्ह चिकटला आहे का? शून्य आणि एक नंबरचे मास्क दोन्ही आहेत का? बॅगेचं तोंड तळहाताने बंद करून दाबा: दाब जाणवला पाहिजे आणि जादा दाब सोडणाऱ्या पॉप-ऑफ व्हॉल्व्हचा आवाज आला पाहिजे. ही तपासणी सकाळी नऊला, तीस जण समोर उभे असताना करायची नसते.

८. महोत्सव: पंचेचाळीस मिनिटं, शनिवारी संध्याकाळी

उद्घाटन सकाळी दहाला ठेवलं की पाहुणे अकराला येतात आणि पहिलं सत्र जातं. महोत्सवाचा सोहळा शेवटच्या व्याख्यानानंतर, संध्याकाळी ठेवा. कुटुंबीयही येऊ शकतात.

माजी अध्यक्ष-सचिवांची यादी इतिवृत्तांवरून करा, आठवणीवरून नको. प्रत्येकाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: नाव कसं लिहायचं, सोबत कोण येणार, पायऱ्या चढता येतील का. येत नसतील तर आपण खाली उतरून सत्कार करायचा. दिवंगत सभासदांच्या घरी पत्र पाठवून थांबू नका, कोणीतरी प्रत्यक्ष जा. सत्काराचा क्रम कार्यकाळाच्या वर्षानुसार ठेवा आणि तो आधी जाहीर करा.

सन्मानचिन्हावरची नावं बनवणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर टाइप करून देऊ नका. छापील यादीवर दोघांच्या सह्या घेऊन द्या आणि हातात आल्यावर एकेक वाचा. स्मरणिकेत प्रत्येकाचा गौरवलेख नको. त्याऐवजी शाखेच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या डॉक्टरांना विचारा, तेव्हा इनक्युबेटर नसताना कमी वजनाचं बाळ उबेत कसं ठेवत होता? ही उत्तरं आत्ता लिहून घेतली नाहीत तर पुन्हा मिळणार नाहीत.

९. शेवटचा आठवडा

रोस्टर पुन्हा एकदा सगळ्यांना पाठवा आणि ड्यूटीवरच्या प्रत्येकाचा "हो" फोनवर घ्या. सगळ्या स्लाइड एकाच लॅपटॉपवर घ्या आणि हॉलच्या प्रोजेक्टरवर आदल्या संध्याकाळी प्रत्येक व्हिडिओ आवाजासकट चालवून पाहा. वक्त्यांचे स्वतःचे लॅपटॉप मंचावर येऊ देऊ नका, प्रत्येक अदलाबदलीत चार मिनिटं जातात. टायमर वक्त्याला समोर दिसेल असा ठेवा.

रजिस्ट्रेशनचं टेबल आडनावांच्या मराठी अक्षरांप्रमाणे तीन भागांत लावा. जागेवरच्या नोंदणीला वेगळं टेबल ठेवा. कौन्सिलच्या ऑब्झर्व्हरना घ्यायला एक ठरावीक माणूस असावा आणि हजेरीचे कागद त्याच्याच ताब्यात राहावेत. मंचाशेजारी एक सभासद फोन घेऊन बसवा. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मदत लागली तर तो कॉल याच नंबरवर येईल आणि हॉलमधून कोण उठणार हे पाळीप्रमाणे ठरलेलं असेल.

१०. परिषद झाल्यावर

दुसऱ्याच दिवशी मागितलेली साधनं परत द्या, विशेषतः मॅनिकिन, धुऊन आणि मोजून. हजेरी आणि क्रेडिट पॉइंटचं काम आठवड्यात उरका. उशीर झाला की सचिवाचा फोन महिनाभर वाजत राहतो. स्पॉन्सरना बिलं आणि वक्त्यांना मानधन टीडीएस कापून पंधरा दिवसांत. ऑडिट झालेला हिशेब पुढच्या सर्वसाधारण सभेत छापील द्या, शिल्लक असो वा तूट.

ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना एकदा चहाला बोलवा आणि विचारा: त्या दोन दिवसांत किती कॉल आले, कुठे उशीर झाला, कोणाला जिल्ह्याबाहेर पाठवावं लागलं? ती टिपणं, रोस्टर, बजेटचे दोन्ही रकाने आणि हॉलचा करार एका फायलीत लावा आणि ती फाइल पुढच्या सेक्रेटरीच्या हातात द्या.